आत्याची ठेव आणि श्रावणबाळची पेन्शन: साठवलेले पैसे आडवे येतात का?

पाणंदवाट
मंडळी, घरातलाच प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया मदत करा.

माझी आत्या सिन्नर तालुक्यात एकटी राहते. वय ६८. काकांना जाऊन बावीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, जमीन नाही. तीन वर्षांपूर्वी श्रावणबाळ योजनेत नाव लागलं, आता महिन्याला १,५०० रुपये येतात. उभी हयात तिने निंदणी-खुरपणी केली, कांदे काढायला गेली, शेळ्या पाळल्या. त्यातून पै पै करून २ लाख ८० हजार साठवले. सगळे बँकेत, तिच्याच बचत खात्यात.

गेल्या महिन्यात शेजारच्या कुणीतरी तिला सांगितलं की आता सगळी खाती आधारला जोडली आहेत, लाखाच्या वर रक्कम दिसली की पेन्शन बंद होणार आणि आजवर घेतलेली परत भरावी लागणार. आत्या दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊन दीड लाख काढून आली आणि बाजरीच्या कोठीत ठेवले. मला हे परवा कळलं. उरलेले माझ्या खात्यावर घे म्हणते. "तुझ्या नावावर गेलं म्हंजी माझं काही दिसायचं नाही."

तिच्या आवाजातली भीती ऐकून मला रात्री झोप लागली नाही. चोरी केल्यासारखी बोलत होती. खरंच साठवलेल्या पैशांमुळे पेन्शन जाते का? आणि पैसे माझ्या नावावर घ्यावेत का?

घाटमाथा
वाचतोय. माझ्या सासूबाईंना संजय गांधी निराधारचे पैसे मिळतात, त्यांनाही अगदी असंच कुणीतरी सांगितलंय. गावोगाव पसरलेलं दिसतंय.

कुळकायदा
महसूल खात्यात एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली सहा वर्षं संजय गांधी योजनेच्या टेबलावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आत्याबाईंना धीर द्या. श्रावणबाळ किंवा संजय गांधी, दोन्हीकडे अट आहे ती उत्पन्नाची, शिल्लक रकमेची नाही. खात्यात अमुक लाखाच्या वर पैसे असले तर अपात्र, असा नियम नाही. श्रावणबाळमध्ये ६५ वर्षांच्या वरचे लोक दोन गटांत येतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेले गट अ, त्यांना राज्याच्या पैशांबरोबर केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेचा वाटाही मिळतो. यादीत नाव नाही पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत, ते गट ब, त्यांचे सगळे पैसे राज्य देतं.

दुसरी गोष्ट, आणि इथे लोक गफलत करतात. मुद्दल हे उत्पन्न नव्हे, पण त्यावरचं व्याज उत्पन्नच आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढताना मजुरी, शेती, भाडं, व्याज, सगळ्याची बेरीज धरायची असते. आत्या गट ब मध्ये असतील तर त्यांच्या व्याजाचा आकडा बघावा लागेल.

पाणंदवाट, त्या आता मजुरीला जातात का? आणि पैसे नुसते बचत खात्यात आहेत की मुदत ठेवीत?

पाणंदवाट
कुळकायदा, मनापासून आभार. गट ब. मजुरी तीन वर्षांपासून बंद, गुडघे धरतात. शेळ्याही विकल्या. पैसे साध्या बचत खात्यात. मीच गेल्या वर्षी तिला मुदत ठेव कर म्हणून मागे लागले होते.

त्रैराशिक
मग बरं झालं मुदत ठेव करण्याआधी इथे विचारलंत. गणित मांडतो.

२ लाख ८० हजार बचत खात्यात ३ टक्क्यांनी धरले तर वर्षाचं व्याज ८,४००. सात टक्क्यांची मुदत ठेव केली तर १९,६००. दोन्ही २१,००० च्या आत, आत्या पात्र.

आता तिच्याकडे ३ लाख २० हजार असते तर? बचत खात्यात व्याज ९,६००, पात्र. त्याच पैशांची सात टक्क्यांनी ठेव केली की व्याज २२,४००, अपात्र. बाई तीच, पैसे तेवढेच. नियमात कुठेही शिल्लक रकमेची मर्यादा नाही, तरी ती मागच्या दाराने आत आलीच आहे: सात टक्क्यांना बरोबर ३ लाख. बँकांनी दर साडेपाचवर आणले की हीच मर्यादा ३ लाख ८१ हजारांवर जाते. म्हणजे रिझर्व्ह बँकेने दर बदलला की सिन्नरची म्हातारी निराधार ठरायची की नाही तेही बदलणार.

मला हे फार चुकीचं वाटतं. पैसे नीट ठेवणाऱ्यालाच मार बसतो.

माजघर
बापरे, हा विचार कधी केलाच नव्हता. आणि सोनं? आत्याने शेळ्या विकून पाटल्या केल्या असत्या तर व्याज शून्य, उत्पन्न शून्य.

त्रैराशिक
बरोबर. सोन्याला व्याज नाही, म्हणून ते उत्पन्नात येत नाही. आपल्या आज्या सोनं का घेत होत्या त्याला हे एक जास्तीचं कारण मिळालं.

सडेतोड
इथे सगळे एका बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये.

योजनेचा मूळ शब्द "निराधार" आहे. ज्याच्याकडे पावणेतीन लाख आहेत त्याला काही ना काही आधार आहे. आमच्या गावात एक अपंग मुलगा आहे, आई आंधळी. कागद अपुरे म्हणून दोन वर्षं त्यांचा अर्ज अडकला होता. खात्यात दोनशे रुपये नव्हते. सरकारी पैसा मोजका आहे, तो आधी अशा घरात जावा असं मला कळकळीने वाटतं. उत्पन्नाबरोबर शिल्लकही बघितली तर काय चुकलं?

हळदीकुंकू
सडेतोड, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण त्याचा अर्ज कागदांपायी अडला, आत्याच्या पेन्शनपायी नाही. एकीचं काढून दुसऱ्याला मिळतं असं होत नाही.

आणि २ लाख ८० हजार म्हणजे किती हो? माझी आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. पाच महिन्यांत सव्वादोन लाख गेले.

सडेतोड
दवाखान्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे ना. आता ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे.

हळदीकुंकू
आहे, आणि आईचं ऑपरेशन त्यातच झालं. पैसे गेले ते घरी आणल्यावर. दिवसभराची बाई, कमोडची खुर्ची, डायपर, गाडीभाडं, फिजिओथेरपी. त्याला कुठलीच योजना नाही. शिवाय आईला आम्ही तिघं होतो. आत्याला कोण आहे? तिचे पैसे हीच तिची मुलंबाळं समजा.

माजघर
हळदीकुंकू, शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं.

पिठाचीगिरणी
पाणंदवाट, सगळ्यात आधी कोठीतले दीड लाख बाहेर काढा! कोठीतल्या पैशांवर व्याज फक्त उंदरांना मिळतं. आमच्या आजीने ५०० आणि १,००० च्या नोटा डाळीच्या डब्यात ठेवल्या होत्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये रांगेत उभं राहायचं त्राण नव्हतं म्हणून रडत रडत डबा आमच्या पुढ्यात ठेवला. घरात कुणालाच माहीत नव्हतं. ४३ हजार निघाले.

एकतारी
आणि तुमच्या नावावर मुळीच घेऊ नका. तुमच्यावर संशय म्हणून नाही, घडलेलं सांगते.

माझ्या मावशीने अशाच भीतीपोटी पैसे पुतण्याच्या खात्यात ठेवले. पुतण्या चांगला होता, मावशीचे पैसे त्याने वेगळे जपले होते. अपघातात अचानक गेला. खात्यावर वारस म्हणून बायकोचं नाव. तिला यातलं काही माहीत नव्हतं, पदरी दोन लहान मुलं, ती तरी काय करणार? मावशी मागायला गेलीच नाही. म्हणाली, "तिच्या लेकरांच्या तोंडचं कसं काढू?" पेन्शन वाचवायला गेली आणि सगळी पुंजी गमावून बसली.

लेस्टरकर
पैसे दुसऱ्याच्या नावावर करण्याचा विषय निघाला म्हणून इकडचं सांगतो. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट नावाची मदत आहे, कमी पगाराच्या किंवा बेरोजगार लोकांसाठी. तिथे शिल्लक थेट मोजतात. ६,००० पाउंडांपर्यंत काही फरक पडत नाही. त्यापुढे दर २५० पाउंडांमागे महिन्याला ४.३५ पाउंड उत्पन्न आहे असं गृहीत धरून तेवढी मदत कापतात, प्रत्यक्षात व्याज मिळो न मिळो. १६,००० च्या वर गेलात की मदत पूर्ण बंद. नवराबायकोची शिल्लक एकत्र धरतात.

मदत मिळावी म्हणून पैसे मुलीला दिले असं त्यांना वाटलं, तर ते अजून तुमच्याकडेच आहेत असं धरून हिशोब करतात. खरं कर्ज फेडलं असेल तर चालतं.

राहतं घर मोजत नाहीत, पण भारतातलं मोजतात. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा नवरा गेला, सफाईच्या कामाचे तास कमी झाले. नाशिकला भावाबरोबर सामाईक फ्लॅट होता वडिलांचा. त्यांना तो आपल्या मालकीचा वाटतच नव्हता, माहेरचं घर एवढंच. कुणीतरी वेळेवर सांगितलं म्हणून अर्जात लिहिला, नाहीतर लपवला असा ठपका आला असता. भावाला फ्लॅट विकायचा नाही, यांना मदत मिळत नाही. वर्षभर हाल काढले.

त्रैराशिक
म्हणजे ९,००० पाउंड असतील तर ३,००० जास्तीचे, बारा टप्पे, महिन्याला ५२.२० पाउंड कापणार. निदान कडेलोट नाही, उतार तरी आहे. आपल्याकडे २०,९९९ ला पूर्ण १,५०० आणि २१,००१ ला शून्य.

लेस्टरकर
हो, पण १६,००० ला कडेलोट आहेच. म्हाताऱ्यांसाठी वेगळी पेन्शन क्रेडिट योजना आहे, ती जास्त माणुसकीची वाटते मला. १०,००० पाउंडांपर्यंत काही बघत नाहीत, त्यापुढे दर ५०० मागे आठवड्याला १ पाउंड उत्पन्न धरतात, आणि वरची मर्यादाच नाही. म्हातारपणी माणूस जपून राहणारच, हे तिथे गृहीत धरलंय.

जर्सीचीवहिनी
अमेरिकेचं ऐकाल तर थक्क व्हाल. माझ्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, आता तो २३ वर्षांचा. अठरा झाल्यावर त्याला सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम ही दरमहा मिळणारी सरकारी मदत सुरू झाली. त्यासाठी त्याच्या नावावर एकूण २,००० डॉलरपेक्षा जास्त असता कामा नये. जोडप्याला ३,०००. ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही! महिन्याच्या पहिल्या तारखेला शिल्लक बघतात.

सांगलीहून सासऱ्यांचा फोन आला, नातवाच्या नावावर पाच लाख ठेवतो म्हणून. नातवावर फार जीव आहे त्यांचा. मला फोनवर म्हणावं लागलं, "बाबा, नको. तुमच्या प्रेमाने त्याची मदत बंद होईल." तिकडे किती वेळ शांतता. नुसते पैसे नाहीत, त्याला लागून औषधोपचारही आहेत.

नंतर कळलं की अपंगांसाठी एबल नावाचं खातं असतं. त्यात १ लाख डॉलरपर्यंतची रक्कम या योजनेसाठी धरत नाहीत. बाबांचे पैसे शेवटी तिथे गेले. पण ते कळायला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं बाबांना वाटत राहिलं की सुनेने पैसे नाकारले.

घाटमाथा
वहिनी, फार मोलाचं लिहिलंत. आपल्याकडेही अपंगांसाठी असं वेगळं, न मोजलं जाणारं खातं हवं.

बैलपोळा
थोडं अवांतर. घरकुलात तर आणखी वेगळंच. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये ५० हजार किंवा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असलं की अपात्र. ते कर्ज आहे हो, शिल्लक नव्हे! पूर्वी फ्रीज आणि दुचाकीवरूनही घर नाकारायचे. आमच्या चुलत्याने लेकीचं बाळ आलं म्हणून दुधासाठी जुना फ्रीज घेतला होता. २०२४ मध्ये त्या दोन अटी काढल्या, कार्डाची मात्र तशीच ठेवली.

माजघर
लाडकी बहीणमध्येही शिल्लक बघत नाहीत. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, कुणी आयकर भरणारं नको. पण आमच्या बचत गटातल्या दोघींनी बँकेतली ठेव मोडली, का तर बँक टीडीएस कापेल आणि आपण आयकरवाले ठरू.

कॅश_काउंटर
माजघर, अगदी हेच आमच्या शाखेत रोज ऐकते. बँकेत नोकरी करते म्हणून नीट सांगते.

टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे, आगाऊ कापलेली रक्कम आहे. आणि ती कापलीच जाणार नाही एवढ्या लहान ठेवी या बायकांच्या असतात. १ एप्रिल २०२५ पासून एका बँकेत वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर गेलं तरच कापतात, साठीच्या पुढच्यांना १ लाखाच्या वर. सात टक्क्यांनी १ लाख व्याज यायला १४ लाखांहून जास्त ठेव लागते! शिवाय उत्पन्न करपात्र नसेल तर तसं लिहून देणारा फॉर्म बँकेत भरता येतो, मग टीडीएस कापत नाहीत. एवढ्यासाठी ठेव मोडून नुकसान करून घेऊ नका.

पाणंदवाट, आत्यांचे पैसे त्यांच्याच नावावर ठेवा आणि तुम्ही नॉमिनी व्हा. कुणी म्हणेल बँक नको, गावच्या पतसंस्थेत ठेवा, तिथे कोण बघतंय. कृपया नको. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. संस्था बुडाल्यावर दारात बसून रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

सडेतोड
कॅश_काउंटर, चांगली माहिती.

मी वरचे सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, ज्याच्याकडे वीस-पंचवीस लाख आहेत त्याने ही पेन्शन घेऊ नये असंच वाटतं. पण वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात एका माणसाचं दूध-किराणाही भागत नाही. ही रेघ खरी नाहीच. कुळकायदा, ती शेवटची कधी वाढली?

कुळकायदा
पेन्शन ६०० रुपये होती तेव्हाही मर्यादा २१,००० होती. पुढे पेन्शन १,००० झाली, २०२३ मध्ये १,५०० झाली, मर्यादा हललीच नाही.

याचा परिणाम काय होतो ते टेबलावर बसून पाहिलंय. दाखल्यांचे गठ्ठे यायचे आणि सगळ्यांवर उत्पन्न एकच: २०,००० नाहीतर २१,०००. सालगड्याचंही तेच, धुणीभांडी करणारीचंही तेच. रोज मजुरीला जाणाऱ्या कुणाचंच वर्षाचं उत्पन्न एवढं कमी नसतं हे अर्जदाराला ठाऊक, तलाठ्याला ठाऊक, मला ठाऊक. खरा आकडा लिहिला तर गरीब माणूस बाहेर फेकला जातो, म्हणून सगळे मिळून खोटा लिहितात. म्हणूनच शेजारच्याने काही सांगितलं की म्हातारी माणसं थरथर कापतात. मनात कुठेतरी माहीत असतं की आपल्या कागदावर एक आकडा खोटा आहे.

एकदा एका बाईंनी खरं ३६,००० लिहून आणलं. आठवडाभर भाकरी थापून देण्याचं काम करायच्या. मी अर्ज नामंजूर करण्याचा शेरा लिहिला, नियमाप्रमाणे. निवृत्त झालो तरी तो शेरा डोळ्यांसमोरून जात नाही.

एकतारी
कुळकायदा काका, हे इथे लिहिलंत त्यासाठी तुम्हाला नमस्कार.

त्रैराशिक
मला वाटतं मागायचं असेल तर दोन गोष्टी मागाव्यात. मर्यादा महागाईप्रमाणे वाढावी, आणि ठरावीक रकमेपर्यंतच्या ठेवीचं व्याज उत्पन्नात धरूच नये. पाच लाख म्हणा. दवाखाना आणि अखेरचा खर्च यासाठी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तेवढं जवळ ठेवता यायला हवं.

सडेतोड
पाच लाखांना माझं अनुमोदन.

पिठाचीगिरणी
पाणंदवाट कुठे गेल्या? कोठी रिकामी झाली का ते सांगा.

पाणंदवाट
उशिराबद्दल माफ करा, शनिवारी आत्याकडे जाऊन आले.

कुळकायदांचा पहिला प्रतिसाद तिला वाचून दाखवला. "पुन्हा वाच" म्हणाली. तीनदा वाचला. मग एकतारींच्या मावशीची गोष्ट सांगितली, त्यावर बराच वेळ काही बोलली नाही. उठून स्वतःच कोठीत हात घातला. नोटा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधल्या होत्या, बाजरीचा भुसा लागलेला. मोजल्या, पूर्ण दीड लाख.

सोमवारी दोघी बँकेत गेलो. दोन लाखांची ठेव तिच्याच नावावर, नॉमिनी मी. बाकी ८० हजार बचत खात्यात, हाताशी. ठेवीचं व्याज साधारण १४,००० आणि बचतीचं २,४००, म्हणजे १६,४००. कुळकायदा, पुढच्या वेळी उत्पन्नाचा दाखला काढताना हाच आकडा लिहायचा ना? आत्याची एकच अट आहे, कागदावर खोटं काही नको.

कुळकायदा
हाच लिहा. बँकेकडून वर्षाच्या व्याजाचं प्रमाणपत्र घ्या आणि अर्जाला जोडा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला जाल तेव्हा त्याची एक प्रत जवळ असू द्या. कुणी विचारलं तर आत्यांनाच दाखवू दे, तुम्ही मागे उभ्या राहा.

पाणंदवाट
नक्की. आणि काका, बँकेतून निघताना आत्याने काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हे माझंच ना?" ती हो म्हणाली, तेव्हा कुठे पासबुक पिशवीत घातलं.

कॅश_काउंटर
नॉमिनीची नोंद पावतीवर छापून आली आहे ना, ते एकदा बघून घ्या.

पाणंदवाट
आली आहे. बघितली.